फिनेल सिस्टरची किळस

आमच्या घरात चार महिने सासूबाईंच्या गालाची जखम वाहत होती, आणि चार महिने आम्ही सगळे नाकाने खोटं बोलत होतो. ‘कसला वास, आई? काही नाही येत,’ असं म्हणायचं आणि पाठ वळवून खिडकी उघडायची. मी तर खोलीत लिंबाच्या वासाचा फवारा मारायचे. कुजणाऱ्या मांसावर लिंबू! ते मिश्रण आठवलं की आजही घशाशी येतं. शेवटी शेवटी आई तोंडावर टॉवेल दाबून बसायला लागल्या. जेवायला बाहेर येईनाशा झाल्या. ‘मला आत खोलीतच भूक लागते,’ म्हणायच्या.

गाठ गाल कुरतडत बाहेर फुटली होती. डॉक्टरांनी हात टेकले. त्यातच सगळीकडे तापाची साथ, कामाला बाई मिळेना. तेव्हा कुणीतरी कॅथलिक सिस्टरांच्या घराचा पत्ता दिला. बऱ्या न होणाऱ्या जखमांची माणसं त्या ठेवून घेतात. बावीस खाटा आणि पाच सिस्टर, त्यांतल्या दोघी स्वतःच तापाने आडव्या.

वॉर्ड बघणारी सिस्टर साठीची, बुटकी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली. अंगाला कायम फिनेलचा वास, म्हणून तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी तिचं नाव ‘फिनेल सिस्टर’ ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं. ‘चालेल,’ म्हणायची, ‘मेल्या उंदराची सिस्टर म्हणत नाहीत हे काय थोडं आहे?’

आईंना तिथे ठेवलं त्या पहिल्याच दिवशी त्यांनी टॉवेलाआडून तिला विचारलं, “सिस्टर, माझा वास येतो का हो?”

“येतो की,” सिस्टर पट्टी सोडवत म्हणाली. “चांगलाच येतो.”

मला वाटलं, हिच्या हातातली कात्री काढून घ्यावी. मेलं काळीज आहे की दगड? आईंनी मान वर केली. मग म्हणाल्या, “कसा येतो?”

सिस्टरने खरंच वाकून वास घेतला आणि भाजी पारखावी तसा विचार केला. “फुलदाणीतलं पाणी आठ दिवस बदललं नाही तर येतो ना, तसा. वर थोडा गंजलेल्या लोखंडाचा.”

आईंनी टॉवेल खाली घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आपणहून. “मला वाटलंच होतं,” त्या म्हणाल्या. त्यांचे शब्द गालातून निसटायचे, तरी हे स्पष्ट आले. “घरी सगळे म्हणायचे येत नाही. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं.”

त्या दुपारी त्या जेवल्या, चार माणसांत बसून.

मी रोज जायला लागले. पट्ट्या गुंडाळायच्या, बादल्या रिकाम्या करायच्या. त्या बादल्यांत काय असायचं ते लिहीत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांचं जेवण कशाला घालवू? पण मला खरी शिसारी यायची ती भेटायला येणाऱ्यांची. माझी नणंद एकदाच आली. अत्तरात बुडवलेला रुमाल नाकाला, आणि दारातूनच म्हणते, “अगंबाई, किती शांत वाटतं गं इथे! आईला काही त्रास दिसत नाही हो.” दिसणार कसा? पाहिलंच नव्हतं. पाच मिनिटांत गेलीसुद्धा. तिच्या रुमालाचा वास मात्र संध्याकाळपर्यंत खाटेभोवती घोटाळत होता, आणि मला त्या अत्तरापुढे जखम परवडली.

दुपारी बाराला घंटा झाली की सगळ्या सिस्टर पंधरा मिनिटं चॅपलमध्ये जाऊन बसायच्या. बाहेर काहीही पेटलेलं असो, त्या पंधरा मिनिटांना हात लागत नसे. फिनेल सिस्टर शेवटच्या बाकावर. ओठ हलत, कपाळाला आठ्या. देवाशी बोलते आहे की भांडते आहे, कळू नये. बाहेर यायची ती मात्र नुकतं तोंड धुतल्यासारखी.

“काय मागता एवढं?” मी एकदा विचारलं.

“मागत कुठे? आज कशाकशाची किळस आली ते सांगते.”

“तुम्हाला किळस येते?”

“का? मला नाक नाही?” बाहेरच्या पायरीवर बसत ती म्हणाली. “सूनबाई, अडतीस वर्षं येते. आधी मी ती लपवायचे. नवीन होते, वीस-बावीसची. आम्हाला शिकवलेलं, आजाऱ्यात प्रभू बघा. मी इतकं मन लावून बघायचे की विचारू नका. एक म्हातारा होता, पायाला जखम. तोंडावर हसू चिकटवायचं, डोळे अर्धे मिटायचे आणि पट्टी बांधायची. आठवडाभर मी प्रभूच बघत होते. जखमेत किडे पडले, ते दिसलेच नाहीत मला.”

“मग?” मी विचारलं.

“त्यालाच वळवळ कळली. म्हणाला, ‘पोरी, प्रभू राहू दे, आधी माझा पाय बघ.’ चिमट्याने एकेक काढला. चौदा निघाले. मध्येच उठून दोनदा ओकून आले. त्याने विचारलं, ‘घाण वाटते?’ म्हटलं, ‘हो आजोबा, फार.’ तर म्हणतो, ‘हां. आता कशी माझ्याजवळ बसलीस.’” तिने दुमडलेल्या बाह्या सारख्या केल्या. “तेव्हापासून बारा वाजता हेच. सगळी घाण देवाच्या पायाशी ओतायची. तो काही नाक मुरडत नाही. ओतून झालं की आत शांत होतं. दुसरी कुठली शांती मला माहीत नाही, सूनबाई. तुम्हाला हवी असेल तर हीच आहे.”

आता माझ्या नवऱ्याबद्दल. हा माणूस ड्रेनेजच्या कामावर देखरेख करतो. तुंबलेल्या गटाराच्या काठावर उभा राहून डबा खातो. आणि हाच माणूस रोज संत्र्यांची पिशवी घेऊन वॉर्डच्या दारात उभा राहायचा, आत पाऊल टाकायचा नाही. ज्या आईला एव्हाना तोंडाने खाता येईनासं झालं होतं तिला संत्री! आई दाराकडे बघत राहायच्या. मला रोज विचारायच्या, “आला होता का गं? किती वेळ होता?” मी म्हणायचे, बराच वेळ. तेही खोटंच. एवढंच मागणं उरलं होतं त्यांचं, लेकाने एकदा जवळ यावं.

मग डॉक्टर सांगून गेले की आता फार दिवस नाहीत, कधीही रक्त सुटेल.

त्या दिवशी सिस्टरने दारातच त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. “चिरंजीव, आज पट्टी तुम्ही धरायची.”

“मला नाही जमणार.”

“का?”

 तो एकदम फुटला. “मला किळस येते. आईची. माझ्या आईची मला किळस येते, सिस्टर! कसला मुलगा मी?”

हे आतपर्यंत ऐकू गेलं. मी आईंकडे बघू शकले नाही.

“मग?” सिस्टर म्हणाली. “मलाही येते. तुमच्या बायकोलाही येते, विचारा. किळस नाकात असते, पायात नसते. पाय चालतात. ही बादली. ओकायचं तर हिच्यात, फरशीवर नको, मला पुसावं लागतं.”

तो आला. एका हातात बादली, बाजाराला निघाल्यासारखा. सिस्टरने पट्टी सोडली. त्याने गालातलं ते भोक पाहिलं, आतले दात पाहिले, आणि बादलीवर वाकला. चांगली दोन मिनिटं वाकलेला होता. मग तोंड पुसलं, हात धुऊन आला आणि पट्टीच्या सामानाचं तबक धरलं. 

आई त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. “लहानपणी माझ्या मांडीवर ओकायचास,” त्या म्हणाल्या. “आता बादलीत ओकतोस. सुधारलास.”

सिस्टर आधी हसली, मग मी. तो हसता हसता रडायला लागला, पण तबक सोडलं नाही.

“वास येतो ना रे?” आईंनी विचारलं.

त्याने सिस्टरकडे पाहिलं. तिने काही मदत केली नाही, कापूस पिळत राहिली.

“येतो, आई,” तो म्हणाला. “फार येतो.” आणि तसाच खाटेच्या कडेला, त्यांच्या अंगाला लागून बसला.

पुढे नऊ दिवस सकाळची पट्टी त्यानेच केली. बादली रोज सोबत असे. पहिले चार दिवस लागली, मग नुसतीच शेजारी बसायची. दहाव्या दिवशी सकाळी रक्त सुटलं तेव्हा आईंचं डोकं त्याच्याच दंडावर होतं. फिनेल सिस्टर हातातला बोळा दाबून धरत त्याला एवढंच म्हणत होती, “बघत राहा. नजर काढू नका.” त्याने काढली नाही.

आठवड्याने लोक भेटायला आले. नणंद सोफ्यावर बसून सांगत होती, “आई फार शांत गेली हो. सिस्टरांच्या हातात जादूच आहे. शेवटी शेवटी तर वाससुद्धा नव्हता.”

नवरा पाण्याचे पेले घेऊन आत येत होता. त्याने ट्रे टेबलावर ठेवला.

“होता,” तो म्हणाला. “भयंकर होता. फुलदाणीतल्या शिळ्या पाण्यासारखा. तू जवळ आली असतीस तर तुलाही आला असता.”