हजेरीतलं टिंब

आमच्या शाळेत शिक्षक दोन आणि किस्से पोतंभर. बायको विचारते, इंद्रलोकच्या घरातून मोरव्याच्या शाळेत रोज जातोस, पण शिकवतोस कधी? मी म्हणतो, मधल्या वेळात. बाकीचा वेळ शिक्षण खात्याच्या ऑफिसला माहिती पाठवण्यात जातो. जुना किस्सा सांगून संपायच्या आत नवा घडलेला असतो.

दोघांपैकी एक मी. दुसऱ्या ग्रेसीबाई, आमच्या मुख्याध्यापिका, मूळच्या उत्तनच्या. ऑफिसचं पत्र आलं की मी लगेच उत्तराचा मसुदा लिहायला बसतो आणि बाई आधी चहा सांगतात.

*

हात धुण्याच्या कार्यक्रमाचे फोटो पाठवायचे होते, लोकेशनसकट. पाठवले. दुसऱ्या दिवशी पत्र आलं : 'आपली शाळा नकाशावर खाडीत दिसत आहे. तात्काळ खुलासा करावा.'

मी मोबाईलच्या चुकीवर पानभर मसुदा लिहून काढला. बाईंनी तो वाचला, शांतपणे बाजूला ठेवला आणि स्वतः एकच ओळ लिहिली : 'शाळा जागेवर आहे. ओहोटीला येऊन पाहावी.'

त्यानंतर खुलासा कुणी मागितला नाही. पाहायलाही कुणी आलं नाही.

*

मग आलं प्रशिक्षण. विषय : एकाच शिक्षकाने अनेक वर्ग कसे सांभाळावेत. आम्हा दोघांनाही एकाच दिवशी बोलावलं होतं. मी फोन करून विचारलं, "मग शाळा कोण सांभाळणार?"

"ते तुमच्या स्तरावर बघा."

बाईंनी बघितलं. एकोणीस पोरं बसमध्ये घातली आणि थेट प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये नेऊन बसवली. मार्गदर्शक सरांचा चेहरा पडला. बाई म्हणाल्या, "तुम्ही करून दाखवा की सर. पाच वर्ग समोर हायत."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सरांचा घसा बसला. शेवटी अभिप्रायाच्या कागदावर बाईंनी लिहिलं, 'प्रशिक्षण उत्तम. सरांना बरंच शिकायला मिळालं.'

*

बाईंची हजेरी घ्यायची एक खोड आहे. जे मूल सकाळी नसेल त्याच्यापुढे त्या 'गै', म्हणजे गैरहजर, लावत नाहीत. पेन्सिलने टिंब देतात. काही पोरं आईबरोबर मासळी बाजारात जाऊन अकराला येतात. आली की टिंबावर हजेरी. शाळा सुटेपर्यंत नाहीच आली, तर मग 'गै'.

शिक्षण खात्याचे आमचे विस्तार अधिकारी कडक माणूस. तपासणीला आले तेव्हा हजेरीचा कॅटलॉग पाहून म्हणाले, "बाई, हे टिंब कुठल्या नियमात बसतं?"

"दिवस अजून संपला न्हाय, साहेब."

साहेबांनी लाल पेनाने शेरा मारला : टिंब देऊ नये. बाईंनी शेऱ्याखाली सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन टिंबं दिली.

*

मग ते पत्र आलं, ज्यावर बाईंनी चहासुद्धा सांगितला नाही. वीसच्या आत मुलं असतील तर शाळा रेल्वे रुळांच्या पलीकडच्या शाळेला जोडणार. आमच्याकडे एकोणीस. एवढ्या लांब मोठ्या मुलींना कुणी पाठवणार नाही, त्या घरी बसतील, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

नेमकी तेव्हाच माझी मतदार यादीची ड्युटी लागली. मी वैतागलो होतो. बाई म्हणाल्या, "सर, कागदावर मतदार बघा, दारात पोरं बघा."

एका बांधकामामागे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. तिथे मतदार एकही सापडला नाही. आरती सापडली. अकरा वर्षांची, नांदेडकडची, कडेवर दीड वर्षाचा भाऊ. शाळेत का जात नाहीस, विचारलं तर म्हणाली, "ह्याला कोण घेईल?"

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः गेल्या. "त्यालापण आण. त्याचं नाव लावता येत न्हाय, पण झोपायला चटई हाय."

विद्यार्थी नोंदणीच्या सरकारी पोर्टलला आधार कार्ड हवं होतं. आधारवाल्यांना जन्माचा दाखला हवा होता. दाखलेवाल्यांना शाळेचा कागद हवा होता. शाळा सुटल्यावर बाई तीन दिवस आरतीला घेऊन आधार केंद्रात बसल्या, डबा घेऊन. "पोरगी तुमच्यासमोर बसलीय. ती जन्माला आली याचा अजून काय पुरावा आणू?"

तिसऱ्या दिवशी आधार नोंदणीची पावती मिळाली. पोर्टलवर वीसचा आकडा दिसला आणि मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

*

पण पोर्टलवर वीस असून भागत नाही. साहेब डोकी मोजायला आले. डोकी भरली एकोणीस.

आरतीच्या शेजारी बसणारा मुलगा म्हणाला, "तिच्या घरच्यांचं इथलं काम संपलं सर. काल टेम्पोने वरसाव्याच्या साइटवर गेले."

बाईंनी पेन्सिल घेतली आणि तिच्या नावापुढे टिंब दिलं.

"बाई, आज तरी 'गै' लावा," साहेब म्हणाले.

"शाळा साडेचारला सुटते, साहेब."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. मी स्कूटर काढली.

वरसाव्याच्या साइटवर आरतीची आई भेटली. मला बघून घाबरलीच. "ती तर सकाळीच गेली की, बाळाला घेऊन. कोणती बस ते बी ठावं न्हाई तिला. नको म्हणलं तर म्हणली, बाईंनी माझं टिंब ठिवलं असंल."

येताना प्रत्येक बस स्टॉपवर थांबत आलो. ती कुठेच दिसली नाही. दोन लेकरं माझ्यामुळे हरवली, असं वाटत होतं. शाळेत पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि वर्गात कमालीची शांतता होती.

शेवटच्या रांगेत आरती बसली होती, तुटकी चप्पल शेजारी ठेवून गणित सोडवत. तिचा भाऊ साहेबांच्या मांडीवर होता, त्यांच्या उजव्या हातावर डोकं टेकून. समोर तपासणीचा कागद कोराच होता. बाईंनी साहेबांपुढे पेन धरलं.

"आधी ते टिंब भरा, बाई," साहेब कुजबुजले. "माझा हात अडकलाय. आणि हळू. आत्ताच झोपलाय."