पाव्हण्याचं आवतण

घरात जनावर पाळलं की किस्से वेगळे पाळावे लागत नाहीत. ते केसांसारखे आपोआप साचतात. रोज झाडा, तरी सोफ्याखालून निघतातच! मी माहेरी अकोल्याला गेले की मैत्रिणी नवऱ्याची चौकशी नंतर करतात, आधी विचारतात, "दर्यापूरची काय खबर?" म्हणजे माझ्या सासरच्या कुत्र्याची. नवऱ्याचे किस्से नाहीत असं नाही, पण ते ऐकून कोणी हसत नाही.

* * *

कुत्रा आमच्याकडे आठ दिवसांसाठी आला होता. नवऱ्याच्या मित्राची बदली झाली, नवं घर मिळेपर्यंत सांभाळा म्हणाला. चांगला गलेलठ्ठ लॅब्रेडोर. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याला दारातच अडवलं.

"हे काय दूध देते?"

"नाही."

"वखर ओढते?"

"नाही, मामाजी."

"मंग हे करते काय?"

एवढ्यात कुत्रा त्यांच्या चपलेवर डोकं ठेवून झोपला.

"पाव्हना हाय म्हनता तं राहू द्या," मामाजी म्हणाले. "पन आठ दिवस!"

मित्राचा फोन नंतर लागलाच नाही. कुत्र्याचं खरं नाव ऑस्कर होतं, पण ते तेव्हापासून कोणी घेतलं नाही. तो जन्मभर पाव्हणाच राहिला आणि मामाजी वर्षानुवर्षं विचारत राहिले, "हा पाव्हना कवा जाऊन रायला?"

* * *

त्याच वर्षी मामाजींनी बैलजोडी विकली होती. आता वावराचं सगळं काम भाड्याच्या ट्रॅक्टरवर. तरी सकाळी उठून ते रिकाम्या गोठ्यात एक चक्कर मारून यायचे. काय बघायला जाता, असं विचारायची आमची कोणाची हिंमत नव्हती. पाव्हण्याने विचारलं नाही. तो सरळ मागे मागे गेला आणि गव्हाणीपाशी पसरला. पुढे तीच त्याची जागा झाली.

* * *

उन्हाळ्यात सासूबाईंनी गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या. माकडांचा भारी त्रास, म्हणून पाव्हण्याला राखण बसवलं. दुपारी गच्चीवर गेलो तर माकड एकही नाही! सासूबाई खूश. मग लक्षात आलं की कुरड्याही नाहीत. पाव्हणा पोट वर करून सावलीत पडला होता आणि मिशीला पांढरा चीक लागला होता.

सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "याच्यापक्षी माकडं परवडले असते. थे निदान थोड्या पाडून तं जातात!"

* * *

आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात घराचा मालक कोण, हे सातबाऱ्यावरून ठरत नाही. कूलरसमोर कोण झोपतं त्यावरून ठरतं. ती जागा मामाजींची. एका दुपारी मी पाणी द्यायला गेले तर कूलरच्या ऐन झोतात पाव्हणा आडवा, आणि मामाजी भिंतीला चिकटून, घामाघूम.

"मामाजी, त्याला उठवायचं ना!"

"दोन खेपा म्हटलं त्याले, सरक म्हनून."

"मग?"

"थो नाई सरकला. मंग मीच सरकलो."

* * *

त्याचं वजन फार वाढलं तेव्हा त्याला अमरावतीच्या डॉक्टरकडे नेलं. काळ्या-पिवळ्या जीपने. जीपवाला आधी नाही म्हणाला. मग पाव्हण्याने त्याचा हात चाटला आणि तो विरघळला. "त्याले खिडकीजवळ बसवा, मळमळन त्याले!" म्हणून मला मध्ये दामटलं. अमरावतीपर्यंत मला मळमळलं, पाव्हण्याने हवा खाल्ली.

डॉक्टरांनी विचारलं, "खायला काय देता?"

"सकाळ-संध्याकाळ पोळी," मी म्हटलं.

"आणि आजोबा, तुम्ही?"

"मी? मी तं त्याले हातई लावत नाई," मामाजी ताठ बसून म्हणाले. "माहा काय संबंध?"

पाव्हण्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग रोजच्या सवयीने त्यांच्या बंडीच्या खिशात तोंड घातलं आणि टोस्ट काढून तिथेच कुरुम कुरुम खाल्ला.

डॉक्टर म्हणाले, "टोस्ट बंद."

मामाजींनी घाबरून विचारलं, "कोनाचे? त्याचे का माहे?"

* * *

मग एक मांजर आली. तिला कोणी आणलं नाही, बोलावलंही नाही. आली, पाव्हण्याच्या पोत्यावर बसली, आणि पोतं तिचं झालं. पाव्हणा तिच्याएवढ्या दहा मांजरींना भारी होता, पण तिने नुसता डोळा वटारला की हा खाली फरशीवर. त्याच्या ताटलीत ती आधी तोंड घालणार, उरलं तर हा खाणार. नवऱ्याने तिचं नाव मॅडम ठेवलं. "आपल्या घरी असंच चालते," असंही म्हणाला, आणि त्या दिवशी स्वतःचं ताट त्याने स्वतः वाढून घेतलं.

* * *

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानाने हळद-तूप लावायचं आणि कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर राबलेल्याला रीतसर निमंत्रण.

बैल विकल्यानंतरच्या पहिल्या पोळ्याला सासूबाईंनी सवयीने हळद-तुपाची वाटी केली. केली आणि तशाच उभ्या राहिल्या. मामाजींनी ती घेतली आणि ते गोठ्यात गेले. आत होता फक्त पाव्हणा.  मामाजी खाली बसून त्याचेच खांदे चोळायला लागले! पाव्हणा मान वळवून वळवून तूप चाटतोय आणि मामाजी गंभीरपणे म्हणतायत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सासूबाई दारातून ओरडल्या, "अवो, त्यानं कोनतं वावर वखरलं?"

"तुह्या कुरोड्या नाई वखरल्या?" मामाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाव्हण्याने गव्हाणीपाशी पुरणपोळी खाल्ली. मग दरवर्षीच खाल्ली. त्या एका दिवशी डॉक्टरचं कोणी ऐकत नसे.

* * *

यंदा पेरण्या आटोपल्या आणि पाव्हणा गेला. म्हातारा झाला होता, मागचे पाय उचलत नव्हते. शेवटचे दिवस मामाजी त्याला टॉवेलच्या झोळीत धरून अंगणात न्यायचे. वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुलिंबाखाली त्याला पुरलं. खड्डा मामाजींनी खणला, कोणाला कुदळ दिली नाही. घरी येऊन आंघोळ केली आणि म्हणाले, "गेला एकदाचा पाव्हना." आम्ही सगळे रडलो. मामाजी रडले नाहीत, पण त्यांनी टोस्ट खाणं सोडलं.

मग पोळा आला. सासूबाईंनी वाटी केली नाही. मामाजींनी स्वतःच डबा उघडून हळद काढली, तूप काढलं आणि मला म्हणाले, "पोरी, मले वावरात सोडून दे."

मी स्कूटीवर घेऊन गेले. ते धुऱ्यावर बसले, मातीला हळद-तूप लावलं आणि वाकून नेहमीचंच बोलले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." परत येताना मला पुढचा रस्ता नीट दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताट वाढून गोठ्यात ठेवलं आणि समोर बसून राहिले. जेवायला चला म्हटलं तर म्हणाले, "आवतन देल्लं हाय. पाव्हन्याच्या आंधी कसा जेवू?" दुपार कलली. पुरण वाळत चाललं. सासूबाई दोनदा दारापर्यंत येऊन परत गेल्या.

तेवढ्यात मॅडम आली. शेपटी वर, नेहमीसारखी मालकिणीच्या तोऱ्यात. सरळ ताटात तोंड घालून पुरणपोळी खायला लागली. सासूबाई झाडू घेऊन धावल्या, "हाड, हाड! त्याचं ताट उष्टावून रायली, मेली!"

मामाजींनी झाडू धरला.

"राहू दे वं. त्यानंच धाडली असन. तूप वाढ तिले. अन् माहंही ताट कर."