देवाच्या कोनाड्यात मनी प्लांट

घर विकायला काढलं की आमच्या नात्यातली माणसं आधी एजंटाला फोन करतात आणि मग मला. एजंट गिऱ्हाईक आणतो. ते आल्यावर लाज वाटू नये एवढं घर नीट करणं माझ्याकडं. हा माझा धंदा नाही. बँकेनं नवऱ्याची बिदरला बदली केली तेव्हा कलबुर्गीतलं आमचं घर मी दोन कपाटं, सासूबाईंच्या ट्रंका आणि भिंतीवरची सगळी कॅलेंडरं हलवून दाखवलं, आणि ते पहिल्याच गिऱ्हाइकाला पटलं. शेजारचं तसंच घर, त्याच गवंड्यानं बांधलेलं, वर्षभर तसंच पडून राहिलं. तेव्हापासून माझा हात चांगला म्हणतात. हाताचा काही संबंध नाही, मी फक्त वस्तू हलवते. बदल्यात साडी मिळते, आणि ती बहुधा त्यांनाही कुणीतरी दिलेली असते.

माझी एक ठरलेली यादी आहे. आपल्याकडं घरात शिरल्याबरोबर स्वागताला वारलेली माणसं असतात. हॉलमध्ये ओळीनं फोटो, फोटोंना चंदनाचे हार. गिऱ्हाइकाला वाटतं, या घरात माणसं मरतात. मरतात तर सगळीकडंच, पण ते दारातच सांगायची काय गरज? म्हणून आधी पूर्वज आतल्या खोलीत. मग गोधड्यांची छतापर्यंतची चळत. मग पलंगाखालचं तूरडाळीचं पोतं, दारामागचे लोंबते कपडे, आणि फ्रिजवरच्या औषधांच्या बाटल्या, कारण गिऱ्हाईक त्या वाचतं. यादीतली शेवटची वस्तू म्हणजे घरमालक. गिऱ्हाईक येताना तो घरात नसावा.

बिदरला अक्काच्या घरी नेमकी हीच वस्तू हलेना.

अक्का माझी थोरली बहीण. दाजी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. ते घर त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलं होतं. एका पावसाळ्यात गल्लीत गुडघाभर पाणी आलं होतं, म्हणून जोतं इतकं उंच धरलं, की घर घोड्यावर बसल्यासारखं दिसतं. पाणी नंतर कधी आलं नाही. अक्काचे गुडघे मात्र गेले. रस्त्यापासून दारापर्यंतच्या पायऱ्या तिला चढवेनात की उतरवेनात. दवाखान्यात न्यायचं तर दाजी आणि शेजारी तिला खुर्चीत बसवून खाली आणायचे, आणि गल्लीतली पोरं मिरवणूक बघायला जमायची. बाकी दिवस ती गॅलरीत. भाजीवाला आला की दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडायची आणि तो घालेल ते वर ओढायची.

"तो मला वरून हसतोय," ती म्हणायची.

"वरून तू हायेस, अक्का. तो खाली हाय."

"व्हय, पण हसतोय. कीडकी वांगी घालतोय पिशवीत. त्याला म्हाईत हाय, म्हातारी काय खाली येऊन भांडत न्हाई."

बाजाराच्या रस्त्याला एक लहानसं घर विकायला होतं. दोनच खोल्या, पण उंबरा रस्त्याला लागून, एकही पायरी नाही. त्याचा मालक ओळखीचा होता. त्यानं उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, थांबायचं कबूल केलं होतं, त्यापुढं नाही. हैदराबादचं एक गिऱ्हाईक त्याच्या मागं लागलं होतं. म्हणजे उंच घर उगादीच्या आत विकलं, तरच अक्का जमिनीवर येणार होती. तिला दुसरं काही नको होतं. "मला माझ्या हातानं वांगं दाबून बघायचंय," एवढंच ती म्हणायची.

मी कमरेला पदर खोचून सुरुवात केली. एक काम तर आपोआप झालं होतं. नव्या घरात माणसांच्या आधी देव जातात, अशी आमच्याकडं रीत. घर विकायचं ठरल्याबरोबर अक्कानं मुहूर्त काढला, नारळ फोडला आणि देव उठवले. नवं घर अजून हातात नव्हतं, म्हणून ते माझ्याकडं मुक्कामाला आले. तिच्या हॉलमध्ये दारासमोरच देवाचा मोठा कोनाडा होता, तो मोकळा झाला. मला आनंदच झाला. वर्षानुवर्षांची काजळी खरवडून मी त्याला पांढराशुभ्र रंग दिला आणि निळ्या बाटलीत मनी प्लांट ठेवला. मोबाईलवरच्या व्हिडिओंत दाखवतात तस्सं दिसत होतं. मी लांब उभी राहून स्वतःचं कौतुकही करून घेतलं.

गिऱ्हाइकं येऊ लागली. नळ सोडून बघायची, भिंतीवर बोटानं टकटक करायची, हॉलमध्ये येऊन एकदम गप्प व्हायची, चहा प्यायची आणि जायची ती जायचीच.

मला वाटलं, दोष दाजींचा. जन्मभर लाल शाईनं चुका दाखवलेला माणूस. गिऱ्हाइकानं छताकडं बघितलं, की हे पुढं व्हायचे.

"तिथं काही न्हाई. गळती बघायची असंल तर मोरीच्या वर बघा. मी डांबर भरलंय, पण यंदा पुन्हा झिरपेल असा माझा अंदाज हाय."

"दाजी, तुम्ही घर विकायलाव का पेपर तपासायलाव?" मी म्हणाले.

"खोटं कामून सांगू?"

"खोटं सांगा कोण म्हणतंय? गप बसा म्हणायलेय."

"गप बसणं म्हणजे अर्धं खोटं."

"मग अर्धंच सांगा की. मला अर्धं चालतंय."

त्यांना मी ग्रंथालयात पाठवायला लागले, दुधाला पाठवायला लागले, एकदा तर चांगल्या चालणाऱ्या घड्याळाचा सेल बदलायला पाठवलं. तरी गिऱ्हाइकं चहा पिऊन जातच होती.

शेवटी एजंटानं सांगितलं. चांगला माणूस, तोंडात पान, भाषा निम्मी आमची निम्मी दखनी.

"अक्का, बुरा मत मानो," तो मला म्हणाला, "घर अच्छा हय. पन लोकं बोलायलेत की देव निघून गेलेलं घर हाय."

"निघून न्हाई गेले, माझ्याकडं हायेत."

"हौ, पन त्यांना कसं कळणार? दार उघडलं की समोर देवाची जागा, आन् त्यात ते झाड. लोकं म्हणतात, देवच टिकले न्हाईत तर आपण काय टिकणार? कुछ तो हुआ होगा."

मी मनी प्लांटकडं बघितलं. तो बिचारा वाढत होता.

अक्काला विचारलं, देव परत आणू का? ती हबकली. एकदा उठवलेले देव जुन्या जागी बसवत नाहीत, आता ते नव्या घरीच बसणार. "देव काय शाळेतली पोरं हायेत का, ऊठ-बस करायला?" हे वाक्य तिनं दाजींकडं बघून म्हटलं.

मग मी व्यवहार बघितला. कोनाडा भरलेला दिसायला हवा, एवढंच ना? मी बाजारात गेले आणि फ्रेमवाल्याकडून देव आणले. बिदरला गिऱ्हाईक कुठलंही येऊ शकतं, म्हणून कुणाची निराशा नको. मराठी माणसासाठी विठोबा, औरादकडच्या तेलुगू माणसासाठी बालाजी, लिंगायतांसाठी पितळेची पिंड, गावाकडच्यांसाठी मैलारचा खंडोबा, आणि सगळ्यांना चालतो म्हणून गणपती. पाठीवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या नखानं खरवडल्या. खंडोबाची काही केल्या निघेना, म्हणून त्याला भिंतीला घट्ट टेकवून बसवला.

"भाड्याचे देव," दाजी म्हणाले.

"भाड्याचे न्हाईत, विकत आणलेत. आन् तुम्ही ह्यांच्याविषयी एक अक्षर बोलायचं न्हाई."

"कुणी विचारलं तर?"

"कुणी विचारत न्हाई."

पहिला दिवस बरा गेला. संध्याकाळी अक्का अस्वस्थ. सारखी कोनाड्याकडं बघायची. शेवटी म्हणाली, "समोर बसलेत आन् अंधारात बसलेत. दिवा तरी लावू दे."

"अक्का, हे दाखवायचे देव हायेत. दुकानात साडी नेसवलेली बाहुली असते ना, तसं."

"त्या बाहुलीला भूक लागत न्हाई."

तिनं दिवा लावला. दुसऱ्या दिवशी फुलं. तिसऱ्या दिवशी मी गेले तर पिंडीला आंघोळ घालून झालेली, वाटीत दूधसाखर, आणि अक्का खुर्चीत बसून सगळ्यांना ओळीनं गंध लावत होती. किती दिवसांनी तिच्या हाताला काम मिळालं होतं कोण जाणे. मला मात्र घाम फुटला. आता हे देवही खरे झाले. घर विकलं की ह्यांचं करायचं काय? तिच्या हिशेबानं तेही पुन्हा उठवायचे. नव्या दोन खोल्यांत देवांचीच दोन कुटुंबं मावली असती, अक्काला गॅलरी शोधावी लागली असती.

उगादी तोंडावर आली. बाजारातल्या घराच्या मालकानं निरोप धाडला, की हैदराबादवाला पुन्हा येऊन गेला. अक्कानं तो ऐकला, आणि आता लागणार नाही म्हणून दोरीची पिशवी घडी करून ठेवली होती ती परत गॅलरीच्या खिळ्याला अडकवली.

त्याच आठवड्यात एजंटानं कमठाण्याचं शेतकरी कुटुंब आणलं. मुलगा चांगला टापटीप होता. नातवंडांची शाळा बिदरला, म्हणून घर हवं होतं. पण निर्णय त्याच्या आईचा, हे पायऱ्यांवरच कळलं. सत्तरीची बाई, आमच्या सगळ्यांच्या आधी वर.

"जोतं लई उंच हाय ना, मावशी?" मी घाईघाईनं विचारलं.

"कसलं उंच? आमच्या रानाचा बांध ह्याच्यापेक्षा उंच हाय."

मी तयारीत होते. गॅसवर तूरडाळीला लसणाची फोडणी नुकतीच दिली होती. वासानं घर भरलेलं दिसतं, हे माझं जुनं मत. पण दाजींना दुधाला पाठवायचं राहून गेलं होतं. ते आले, आणि माझ्या देखत बाईंना मोरीची गळती, खिडकीचा वाकलेला गज आणि उन्हाळ्यात आटणारी बोअर असं सगळं क्रमवार दाखवलं. मुलाचा चेहरा लांबत गेला. म्हातारी हॉलमध्ये आली, कोनाड्यासमोर उभी राहिली, हात जोडले.

"देव चांगले ठेवलेत," ती म्हणाली. "किती पिढ्यांचे हायेत?"

मी दाजींकडं बघितलं. डोळ्यांनी जेवढं म्हणता येतं तेवढं म्हटलं. दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अर्धं खोटं त्यांच्या घशात अडकलेलं मला दिसत होतं.

"पिढ्यांचे न्हाईत, मावशी," ते म्हणाले. "मागच्या मंगळवारचे हायेत."

एजंट खिडकीत जाऊन पान थुंकू लागला. मुलगा म्हणाला, "म्हणजे?" दाजींनी ते पण सांगितलं. खरे देव मेहुणीकडं, हे बाजारातून आणलेले, आणि पुरावा हवा म्हणून खंडोबा उचलून पाठ दाखवली. चिठ्ठी होतीच.

"आई, चल," मुलगा म्हणाला. "फसवायलेत हे."

तेव्हा अक्का खुर्चीतून बोलली. "फसवत न्हाई, बाबा. मला पायऱ्या उतरता येत न्हाईत. खाली, बाजाराकडं एक घर बघितलंय. देव आधी जातात म्हणून पाठवले. मी मागं राहिले, एवढंच झालंय."

म्हातारी वळली. अक्काच्या गुडघ्यांकडं बघितलं, मग पुन्हा कोनाड्याकडं.

"मग ह्यांना रोज खाऊ कोण घालतंय?"

"मी. समोर बसल्यावर उपाशी कसं ठेवायचं?"

"तू घालायलीस ना?"

"व्हय."

"मग मंगळवारचे असू द्या न्हाईतर बुधवारचे." तिनं दाजींच्या हातातून खंडोबा घेतला, पदरानं पुसला आणि जागेवर ठेवला. "आता ह्यांना कुणी उठवायचं न्हाई. घर घ्यायचं तर देवासकट."

मुलगा म्हणाला, "आन् गळती?"

"गळती मास्तरांनी सांगितली की. न सांगणाऱ्याच्या घरात गळती नसते का?"

दाजी माझ्याकडं बघून असे हसले, की पुढचे सहा महिने मला ते ऐकून घ्यावं लागणार हे तिथंच कळलं. ऐकून घेतेच आहे.

उगादीच्या आत कागद झाले. जुने देव माझ्याकडून निघाले आणि बाजाराच्या रस्त्यावरच्या घरात बसले. त्यांच्या मागून अक्का गेली, रिक्षातून उतरून सरळ घरात, आपल्या पायांनी. कमठाण्याच्या बाई सणासुदीला तिच्याकडं येतात आणि देवांची खुशाली सांगतात. खंडोबाच्या पाठीवरची चिठ्ठी त्यांनी काढलेली नाही. असू दे म्हणतात, त्याला काय पाठ बघायची असते?

परवा मी गेले तर अक्का दारात नव्हती. रस्त्यावर, गाड्याशी उभी होती, काठी काखेत धरून. तोच भाजीवाला. तिच्या हातात वांगं, आणि ती ते चहूबाजूंनी दाबत होती. बाजूला नापास झालेल्या वांग्यांचा ढीग.

"अक्का," तो कळवळून म्हणाला, "भाजी घ्यायलाव का पोरीसाठी नवरा बघायलाव?"

"गप बस," अक्का म्हणाली आणि पुढचं वांगं उचललं. "वरून लई हसलास."