खिडकीपुढचं मशीन

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची आठवण लोकांना फक्त लिफ्ट अडकल्यावर येते. एरवी तो जिन्यात समोर आला तरी कुणी मान हलवत नाही. आपल्या या गृहस्थांचं अर्धं आयुष्य असंच दोन मजल्यांच्या मध्ये गेलं. सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत. बायको रागावली की तीही तेच म्हणे, तेव्हा आपणही तेच म्हणू.

लिफ्टवाल्यांना पिनबॉलची मशीन बनवायचा नाद होता. कधी खेळला नसाल तर सांगतो. टेबलाएवढं तिरपं खोकं, त्यावर काच. स्प्रिंग ओढून सोडली की पोलादी गोळी वर जाते आणि घंट्या, दिवे, रबरी खुंट्या असं जे सापडेल त्यावर आपटत खाली येते. खाली भोक. गोळी भोकात गेली की खेळ खलास. ती जाऊ नये म्हणून तळाशी दोन छोटे दांडे असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. खोक्याच्या दोन्ही अंगांना एकेक बटण असतं, ते दाबलं की त्या बाजूचा फ्लिपर उसळतो आणि गोळीला परत वर हाणतो. एवढ्याशा गोष्टीसाठी चांगली पिकल्या केसांची माणसं जेवणखाण विसरतात, आता बोला!

अशा माणसांचा शहरात एक क्लब होता आणि क्लबची वर्षातून एकदा स्पर्धा. ज्याने त्याने आपण बनवलेलं मशीन शाळेच्या व्यायामशाळेत आणून मांडायचं. येणाऱ्या प्रत्येकाला दारावर मतासाठी एक गोळी मिळे. सगळी मशीनं खेळून झाली की जे आवडलं त्याच्यापुढच्या पत्र्याच्या डब्यात ती टाकायची. संध्याकाळी डब्यांचं वजन करायचं, जो जड तो जिंकला. मोजत बसण्याची भानगड नको म्हणून वजन, आणि काट्याला हात लावायचा तो गेल्या वर्षीच्या विजेत्याने, अध्यक्षांनी नाही. मशीनची किंमतही आधीच पाटीवर लिहून लावायची, ती पुढे वर्षभर बदलायची नाही. एका महाशयांनी बक्षीस मिळाल्याबरोबर किंमत तिप्पट केली होती, तेव्हा जे रणकंदन झालं त्यातून हा नियम आला. आणि शेवटचा रिवाज असा की, जिंकलेलं मशीन वर्षभर क्लबच्या खोलीत राहायचं, येईल त्याला खेळता यावं म्हणून.

लिफ्टवाल्यांना हे सगळे नियम तोंडपाठ होते. फक्त शेवटचा त्यांनी कधी मनावर घेतला नव्हता, कारण त्यांचा नंबर दरवर्षी शेवटून पहिला. बिचाऱ्यांची मशीनं लिफ्टसारखीच असत. गोळी कुठे अडकायची नाही, कशाला धक्का लागायचा नाही, सगळं कसं सावकाश. लोक दोनदा खेळून जांभई देत आणि शेजारच्या घड्याळवाल्याच्या मशीनकडे वळत. हा घड्याळवाला म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा, त्यांचा जुना दोस्त आणि गेल्या वर्षीचा विजेता. त्याच्या मशीनमध्ये गोळी गेली की एकाच वेळी सगळ्या घंटा वाजत. क्लबचा अध्यक्ष होता लिफ्टवाल्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो तर म्हणायचा, भावोजी, तुम्ही शेवटी येता म्हणून माझी खुर्ची टिकून आहे.

मग ताई आजारी पडल्या. ताई म्हणजे लिफ्टवाल्यांची थोरली बहीण. जन्मभर टायपिंग शिकवलेलं, अर्ध्या शहराच्या बोटांना त्यांनी वळण लावलेलं. एके दिवशी झटका आला आणि डावा हात लुळा पडला. लिफ्टवाले त्यांना आपल्या घरी घेऊन आले. व्यायाम म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला, तो ताईंनी दुसऱ्याच दिवशी खोलीबाहेर भिरकावला. मी काय पाळण्यातली आहे, म्हणाल्या. एकदा गरम कपाला त्यांचा हात टेकलेला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. लिफ्टवाल्यांनी कप उचलला, स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

त्यानंतर त्यांनी ताईंसाठी मशीन बनवलं. डावं बटण तळहाताएवढं आणि लोण्यासारखं मऊ, नुसता हात टेकला तरी डावा फ्लिपर उसळावा. गोळीही घरंगळत जास्त करून डावीकडेच यायची. विजेचं बटण खिडकीजवळ, म्हणून मशीन तिथेच ठेवावं लागलं, खिडकी पार झाकली गेली. ताई सकाळ-संध्याकाळ खेळू लागल्या. आधी नुसतीच गोळी पडल्याचा आवाज यायचा, मग अधूनमधून घंटा, मग घंटेवर घंटा. लिफ्टवाले दाराबाहेर उभे राहून ऐकत आणि ऐकून झालं की कामावर जात. घंटा वाजली की त्यांचा दिवस चांगला जाई.

एवढ्यावर थांबावं की नाही माणसाने? पण नाही. स्पर्धा आली आणि यांना हुक्की आली. आपलं सगळ्यात चांगलं मशीन एकदा चार लोकांनी पाहावं, असं वाटलं. वाटणारच म्हणा. एका दिवसाचा तर प्रश्न, संध्याकाळी परत आणू, असं त्यांनी ताईंना सांगितलं. ताईंनी लगेच मान डोलावली. कुणी विकत मागायला नको म्हणून पाटीवर किंमत अशी लिहिली की तेवढ्यात दुसऱ्याने अख्खी लिफ्ट बसवून घेतली असती.

इथेच घात झाला. पाटी वाचून लोक थबकायला लागले. त्या साध्या खोक्याला एवढी किंमत, म्हणजे आत काहीतरी असणारच! बघायला म्हणून आले ते खेळायला लागले. आणि मजा अशी की, मशीन लुळ्या हातासाठी बनवलेलं, त्यामुळे कुणालाही जमायचं. ज्या आजीबाई नातवंडांच्या मागे पिशव्या धरून उभ्या असायच्या, त्यांनी पिशव्या नातवंडांकडे दिल्या आणि स्वतः रांगेत लागल्या. डब्यात गोळ्या टणाटण पडत होत्या.

सुरुवातीला लिफ्टवाल्यांना मूठभर मांस चढलं. मग मेहुणा येऊन कानाशी म्हणाला, "भावोजी, यंदा तुमचं मशीन इथेच राहतंय बहुतेक."

लिफ्टवाल्यांना तो शेवटचा रिवाज आत्ता आठवला. इथेच म्हणजे क्लबात, वर्षभर! आणि ताईंच्या हाताचं काय? आता कुठे बोटं हलायला लागली होती, वर्षभर खंड पडला तर हात पुन्हा लुळा. दुसरं मशीन बनवावं तर पहिल्यालाच किती महिने गेले होते. डब्यात पहिली गोळी पडल्यावर मशीन मागे घेता येत नव्हतं. मेहुण्याला सांगून नियम वाकवता आला असता, तो पाघळलाही असता. पण अध्यक्षांच्या नातेवाइकाला सूट दिली, हे लोकांनी वर्षभर चघळलं असतं, आणि मेहुण्याने ती खुर्ची आजवर फार जपून सांभाळली होती.

शेवटी त्यांनी जे केलं, ते त्यांनी जन्मात कुठल्या लिफ्टला केलं नसतं. गोळी अडकलीय असं सांगून रांग थांबवली, काच सरकवली आणि डाव्या फ्लिपरची स्प्रिंग किंचित सैल केली. कुणाच्या लक्षात येणार नाही, पण गोळी वर जाता जाता दमेल, लोकांना वाटेल आपलंच चुकलं, कंटाळून पुढे जातील. समोर घड्याळवाला आपल्या मशीनपाशी उभा होता, त्याच्याकडे बघायची काही त्यांची हिंमत झाली नाही.

युक्ती चालली. रांग हळूहळू रोडावली. लिफ्टवाल्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण वाटेना.

दुपारी बायको ताईंना घेऊन आली. आपल्या मशीनपाशी ताईंना घरच्यासारखंच वाटलं असणार. पर्स भावजयीकडे दिली आणि खेळायला उभ्या राहिल्या. पहिली गोळी गेली. दुसरी गोळी डाव्या फ्लिपरवर आली, ताईंनी बटण दाबलं, आणि गोळी भोकात जायच्या आतच त्यांनी मान वर केली.

"डाव्याला काय केलंस?"

"कुठे काय? गर्दीने तापलं असेल."

"उगाच काहीतरी सांगू नकोस. स्प्रिंग सैल आहे. सकाळी नव्हती."

मग बायकोच्या देखत, खाली बघत, त्यांनी सगळं सांगून टाकलं. जिंकलो तर मशीन इथे राहील, मग तुझ्या हाताचं काय, असं म्हणाले. ताईंचा चेहरा लाल झाला. टायपिंगच्या वर्गात कुणी खाली बघून टाइप करताना सापडला की व्हायचा तसा.

"आणि त्या घड्याळवाल्याला हे कळलं असतं म्हणजे? तू मुद्दाम हरून दिलेलं बक्षीस त्याने घरी मिरवायचं का? काच काढ आधी."

लिफ्टवाल्यांनी काच काढली. स्प्रिंग घट्ट करता करता एकदम त्यांचा हात थांबला. जी गोष्ट इतका वेळ दहा बोटं धडधाकट असलेल्या कुणाला कळली नव्हती, ती ताईंना एका दाबात कळली होती, आणि डाव्या हाताने. गरम कप न कळणाऱ्या हाताने.

"ताई," ते म्हणाले, "तुला कसं कळलं?"

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. रागावलेलं माणूस पकडलं गेलं की जसं बघतं तसं.

"हात केव्हाच बरा झालाय रे. गेल्या कितीतरी दिवसांपासून वेणीसुद्धा मीच घालते, हिला विचार."

लिफ्टवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पर्सचा पट्टा नीट करण्यात अगदी गुंग झाली होती.

"मग रोज सकाळ-संध्याकाळ खेळत का होतीस?"

"तू दाराबाहेर उभा असायचास," ताई म्हणाल्या. "घंटा वाजली नाही तर तुझं तोंड उतरायचं. तसाच कामावर जायचास, लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला. माझं मन लागायचं नाही. म्हणून खेळत होते. सुरुवातीला आवडायचं, खोटं नाही बोलत. पण आता त्या घंटेचा आवाज ऐकला की डोकं उठतं माझं."

लिफ्टवाल्यांना आधी वाईट वाटलं, ते कशाला लपवा. एवढ्या जिवापाड बनवलेल्या वस्तूचा कुणाला कंटाळा आला तर वाटणारच. पण ते वाईट वाटणं फार वेळ टिकलंच नाही, कारण त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली की, हात बरा आहे. खरोखर बरा आहे. महिनोन् महिने दाराबाहेर उभं राहून ज्याची ते चाहूल घेत होते, ते कधीच होऊन गेलं होतं. त्यांचा जीव भांड्यात पडला. हातात पाना तसाच धरून ते मशीनच्या कडेवर टेकले आणि हसू लागले. मग ताईही हसल्या, आणि बायकोने एकदाचा पट्टा सोडला.

स्प्रिंग घट्ट झाली, काच लागली. आजीबाईंची रांग पुन्हा वाढली. संध्याकाळी घड्याळवाल्याने डबे काट्यावर ठेवले. स्वतःच्या डब्याचं वजन त्याने दोनदा करून पाहिलं, लिफ्टवाल्यांच्या डब्याचंही दोनदा, आणि मग मोठ्याने निकाल सांगितला. फरक थोडाच होता, पण लिफ्टवाले जिंकले होते. टाळ्या झाल्या. मेहुणा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू टाळ्या वाजवत होता, लोकांनी बघावं म्हणून. घड्याळवाला जवळ येऊन म्हणाला, मध्ये तुझं मशीन जरा झोपलं होतं बघ, मला वाटलं या वर्षीही माझंच. लिफ्टवाल्यांनी त्याला बाजूला नेऊन खरं काय ते सांगितलं. त्याने आधी डोक्याला हात लावला. मग म्हणाला, तुझ्या बहिणीला माझा नमस्कार सांग, आणि पुढच्या वर्षी माझ्या मशीनवर एकदा तिचा हात फिरवून घेतो.

मशीन क्लबात राहिलं आणि ही तिघं रिकाम्या हातांनी घरी आली. ताईंच्या खोलीत फरशीवर मशीनच्या चार पायांचे डाग उरले होते. खिडकी मोकळी झाली होती, पण बंदच होती. तिची कडी पहिल्यापासून हट्टी. लिफ्टवाल्यांनाही ती दोन्ही हातांनी ओढावी लागे.

ताई बोलता बोलता खिडकीपाशी गेल्या. पुढच्या आठवड्यात माझ्या घरी जाईन म्हणते, म्हणाल्या, झाडं वाळली असतील, आणि शेजारीण किल्ली सांभाळून कंटाळली असेल. उजव्या हातात पर्स होती, म्हणून त्यांनी डाव्या हाताने कडी धरली आणि खाडकन ओढली. पल्ला उघडला आणि वारा आत आला.

"किती महिन्यांनी वारा आला बाई या खोलीत," ताई म्हणाल्या.

"मग बोलायचं नाहीस का, खिडकी हवी म्हणून?"

"तू इतका खूश होतास. कसं बोलणार?"

लिफ्टवाले कडीकडे बघत राहिले. ती आपण एकट्या डाव्या हाताने ओढली, हे ताईंच्या लक्षातही आलं नव्हतं.

"उभा काय राहिलास?" त्या म्हणाल्या. "चहा टाक जा. आणि माझा कप चांगला गरम असू दे."