माझी अर्धी सावड

आषाढात जव्हारमध्ये हॉल हवा त्या दिवशी मिळतो. हे कळल्यावर मी इतका खूश झालो, की तो रिकामा का असतो हे विचारायचं राहूनच गेलं.

माझा जन्म जव्हारच्या बाजारपेठेतला. घरी भांड्यांचं दुकान. भात कोणत्या पातेल्यात किती शिजतो ते मी झोपेतही सांगेन. पण पातेल्यात येण्याआधी त्याचं काय काय होतं, याविषयीचं माझं ज्ञान पोत्यापाशी सुरू होऊन पोत्यापाशीच संपायचं. अशा माणसाच्या हाती, एका संस्थेच्या कार्यालयात, जव्हार-मोखाड्यातल्या उद्योग करणाऱ्या बायका हुडकून त्यांचा सन्मान करायचं काम आलं. दरवर्षी एकीची निवड करायची, हॉलमध्ये सत्कार करायचा आणि तिच्या धंद्याला लागेल ते यंत्र द्यायचं. यंत्र देणारे पाहुणे मुंबईहून यायचे. बाकी सगळा घोळ घालायला मी होतो.

पहिल्या वर्षी मी तो मनापासून घातला. सन्मान बायकोचा आणि मंचावर चढला नवरा. त्यानं शाल घेतली, नारळ घेतला, वर ‘मी हा धंदा कसा उभा केला’ यावर भाषण ठोकलं. बायको तिसऱ्या रांगेत बसून मान डोलवत होती, जणू हे सगळं तीही पहिल्यांदाच ऐकत होती. त्या दिवशी मी पेटून उठलो आणि दुसऱ्या वर्षीच्या फॉर्मवर स्वतःच्या हातानं नियम लिहिला: विजेत्या उद्योजिकेने स्वतः उपस्थित राहणे बंधनकारक, प्रतिनिधी चालणार नाही, न आल्यास पुरस्कार पुढच्या क्रमांकाला. खाली दोन रेघाही ओढल्या. आपण स्त्रियांसाठी काहीतरी ठोस केलं, या आनंदात त्या दिवशी मी दोन भजी जास्त खाल्ली.

त्या दुसऱ्या वर्षी पहिली आली पोशेऱ्याजवळच्या एका पाड्यावरची ताई. अकरा जणींचा बचत गट, त्याची ही पुढारी. नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड, लाडू आणि पीठ. नाशिकच्या एका दुकानदाराला त्यांचं पीठ इतकं आवडलं, की देता येईल तेवढं द्या म्हणाला. अडत होतं ते दळणापाशी. नागली जीपमधून मोखाड्याला न्यायची आणि गिरणीवर बसून राहायचं. गिरणीवाला आधी गहू दळणार, मग तांदूळ, नागली सगळ्यात शेवटी. तिचं तांबूस पीठ इतरांच्या पिठात उतरतं म्हणून. दळण घेऊन घरी पोचेपर्यंत दिवस मावळायचा. दुकानदारानं सांगून ठेवलं होतं, गणपतीपर्यंत नक्की करा, नाहीतर मी दुसरीकडे बघतो. म्हणजे पाड्यावर स्वतःची गिरणी आली तर धंदा, नाहीतर पापड आणि पुन्हा पापड.

निकाल लागायला उशीर झाला. (कुणामुळे, ते विचारू नका. यादी माझ्याच टेबलावर होती.) मंगळवारी दुपारी मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन पाड्यावर पोचलो. ‘‘ताई, गिरणी तुमची!’’ म्हटलं मात्र, पाड्यावर जो कल्ला झाला तो मी जन्मात विसरणार नाही. एक जण धावत जाऊन समाजमंदिराच्या कोपऱ्यात पावलं टाकून जागा मोजायला लागली. दुसरी म्हणाली, ‘‘हितं नको, पागोळ्या लागतात.’’ तिसरीनं तोंडात पेढा असतानाच गिरणीचा घर्रर्र आवाज काढून दाखवला, तो पेढा तिच्या घशात अडकला आणि चौघींनी तिची पाठ बडवली. मीही उड्या मारत होतो. मी तर पेढाही खाल्ला नव्हता.

‘‘भाऊ, कधी यायचा?’’ ताईनं विचारलं.

‘‘परवा. गुरुवारी, अकरा वाजता.’’

गिरणी एकदम बंद पडावी तसा सगळा आवाज थांबला.

‘‘गुरवारी आजीची आवनी हाय,’’ ताई म्हणाली.

आजी म्हणजे गटातली सगळ्यात थोरली. उंबऱ्यात बसून ती पेढ्याचा कागद चाटत होती. मी मोठ्या समंजसपणानं म्हणालो, ‘‘मग आजी, भाताची लावणी एक दिवस पुढे ढकला की!’’

आजीनं कागदाची घडी घातली. ‘‘रोपाला सांग तू. ऐकला तुझा तर ऐकला.’’

मग ताईनं मला, पहिलीतल्या पोराला सांगावं तसं, सगळं सांगितलं. आषाढात अख्ख्या पाड्याची आवणी सावडीवर चालते. आज माझ्या खाचरात सगळ्या, उद्या तुझ्या, परवा तिच्या. जिनं माझ्याकडे एक दिवस दिला, तिला माझा एक दिवस द्यायचा. आजीनं गेल्या आठवड्यात ताईच्या खाचरात दिवसभर भात लावला होता, तो दिवस ताईला गुरुवारी फेडायचा होता. आजीचं रोप आधीच वाढून बसलं होतं. एक दिवस हलवला तर पुढच्या सगळ्या घरांचे दिवस हलतात आणि कुणाचं तरी रोप जागेवर वाळतं.

‘‘एक दिवसाची मजुरी मी देतो,’’ मी खिशात हात घातला.

सगळ्या हसल्या. ताई म्हणाली, ‘‘सावड पैशानं नाय फिटत, भाऊ. मानसाला मानूस लागतो. आनि या दिसांत मोकळा मानूस दाखव मला.’’

मी रस्त्याच्या वळणावर गेलो. पाड्यावर रेंज मिळते ती तेवढ्या जागी. कार्यालयातल्या मॅडमना फोन लावून तारीख बदलता येईल का, निदान गटातली दुसरी कुणी आली तर चालेल का, असं विचारलं. पाहुण्यांची गुरुवारची गाडीसुद्धा ठरली, असं त्या म्हणाल्या. मग मला कागदाचा आवाज आला आणि मॅडमनी फोनवर मला माझाच नियम वाचून दाखवला. स्वल्पविरामासकट. ‘‘खाली दोन रेघा पण आहेत,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि पाहुण्यांकडे याची प्रत आहे.’’

मी परत आलो तेव्हा ताई पायरीवर बसली होती. ‘‘ऱ्हाऊ दे भाऊ. आवनी टाकून मी जात नाय. गिरनी दुसरीला द्या, तिलापन कामाची असंल.’’ आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. कोपऱ्यात जागा मोजलेल्या बाईची चिखलाची पावलं अजून ओली होती.

तेवढ्यात आजीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘‘तू हायेस ना मानूस?’’

अकरा जणी माझ्याकडे बघायला लागल्या. उत्तराची खात्री कुणालाच दिसत नव्हती.

गुरुवारी सकाळी ताई नवं लुगडं नेसून जीपमध्ये बसली आणि मी हाफ पँट घालून आजीच्या खाचरात उतरलो. मॅडमना आदल्या दिवशीच कळवलं होतं. ‘‘आणि तुमचं भाषण?’’ त्यांनी विचारलं होतं. ‘महिला नेतृत्व: काल, आज आणि उद्या’ या विषयावर मी सहा पानं लिहिली होती. ती माझ्याजवळच आहेत, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘मग बरं झालं.’’

भात लावताना मागे मागे सरकायचं असतं. आयुष्यात माझी बरीचशी प्रगती याच दिशेनं झालेली, तेव्हा हे जमेल असं वाटलं. रोपाची मूठ डाव्या हातात धरायची, उजव्या हातानं तीन-चार काड्या घेऊन चिखलात खोचायच्या, की सरका मागे. बायकांचे हात शिवणयंत्रासारखे चालत होते. मी पहिली ओळ संपवून अभिमानानं मान वर केली, तर माझी रोपं ओळीनं पाण्यावर तरंगत माझ्याकडेच येत होती.

‘‘बघ, तुझा भात पवतोय!’’ आजी ओरडली आणि माझ्या मागून ती रोपं गोळा करत पुन्हा खोचत चालली. नंतर मी इतकी खोल खोचली की शेंडेही दिसेनात. मग कंबर मोडली, मग खेकड्यानं अंगठा धरला, आणि मग मी ऐसपैस बसलो. चिखलात. सहा पानं हाफ पँटच्या मागच्या खिशात होती.

‘‘जव्हारचा भाऊ आला गं, बसून आवनी करतो गं,’’ एकीनं सूर धरला आणि बाकीच्यांनी तो उचलला. माझा जाहीर सत्कार त्या दिवशी हा असा झाला.

बाराच्या सुमाराला, माझा फोन घेऊन वळणावर बसवलेल्या पोरानं हाक मारली, ‘‘फोन आला!’’ आम्ही सगळे चिखलासकट वर धावलो. आजी माझ्या आधी पोचली. मॅडमनी हॉलमधून फोन लावला होता. मी स्पीकर चालू केला. खरखर झाली, मग टाळ्या, मग ताईचा आवाज.

‘‘नमस्कार. मी जास्त नाय बोलत. आम्ही अकरा जनी हाव. दहा जनी आत्ता चिखलात हायेत, म्हनून मी हितं हाय. माझ्या जागी कार्यक्रमवाला भाऊ आवनी करतोय.’’

हॉलमध्ये हशा पिकला.

‘‘तुम्ही हसतायसा, पन तिकडं आजी रडत असंल. तवा गिरनी लवकर द्या, मला परत जायचा हाय.’’

वळणावर जो गोंधळ झाला त्यात पुढचं काहीच ऐकू आलं नाही. एकमेकींना मिठ्या, घर्रर्र आवाज, कुणाचा तरी चिखलाचा हात माझ्या गालावर. मीही ओरडत होतो. काय ते आठवत नाही, पण त्या सहा पानांतलं नक्की नव्हतं.

दुपार कलल्यावर ताई आली. गळ्यातला हार काढून बांधावरच्या झुडपाला अडकवला आणि पहिली गोष्ट काढली ती गिरणीची नाही, माझी: ‘‘आजी, भाऊनं फेडली का सावड?’’

आजीनं खाचराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘‘अर्धी.’’

अर्धीसुद्धा तिनं मोठ्या मनानं धरली होती. ताईनं घरी जाऊन लुगडं बदललं, परत येऊन काष्टा मारला आणि उरलेली अर्धी फेडायला माझ्या शेजारी उतरली. उतरता उतरता माझी शेवटची ओळ उपटून सरळ केली.

गणपतीच्या आधी गिरणी पाड्यावर आली, पागोळ्या लागत नाहीत त्या कोपऱ्यात बसली, आणि पिठाची पहिली पोती नाशिकला गेली. मी माझं कौतुक आवरून कामाला लागलो होतो, तोच एका सकाळी ताई कार्यालयाच्या दारात उभी. हातात नागलीच्या लाडवांचा डबा.

‘‘माझ्या जागी तू अर्धा दिवस केलास, तो द्यायला आले.’’

‘‘ताई, मला कुठं शेत आहे?’’

‘‘हापिस हाय ना? काय चाललंय तुझा?’’

पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाची तारीख ठरवणं चाललं होतं. मी आषाढातल्याच एका दिवसावर गोल केला होता. सवय! ताईनं कॅलेंडर ओढून घेतलं आणि माझ्या लाल पेनानं पानंच्या पानं खोडायला सुरुवात केली. ही आवनी. ही निंदनी. ही नागलीची कापनी.

‘‘मग थंडीत घेऊ,’’ मी म्हणालो.

‘‘थंडीत बाया जगायला भिवंडीकडं जातात. टाळ्या कोन वाजवील, खुर्च्या?’’

शेवटी तिचं बोट दिवाळीवर थांबलं. दिवाळी झाली की लगेच, कामाला न्यायच्या गाड्या भरायच्या आत. मी घाईघाईनं हॉलवाल्याला फोन केला. तुळशीचं लग्न लागेपर्यंत हॉल रिकामाच असतो, तो म्हणाला. मी भीतभीत विचारलं, ‘‘का?’’ तर म्हणे त्याआधी लग्नं कुठं असतात! या वेळी कारण ऐकूनच फोन ठेवला.

ठोक्याला बारा वाजता ताई उठली. ‘‘झाली अर्धी.’’

‘‘अहो, थांबा की! नियमांचा फॉर्म बघायचाय अजून. त्या दोन रेघांचं काय करायचं?’’

‘‘त्याच्यासाठी,’’ रिकामा डबा पिशवीत घालत ती म्हणाली, ‘‘तुला पुन्ना आवनीला यावा लागंल.’’