आठ दिवस पाणी धरणारी पेटी

शालिग्राम मिस्तरी पहूरचा. घराणं गाड्या बनवणाऱ्या सुतारांचं. बाप जीवराम, त्यांना सगळं गाव आबा म्हणे. त्यांनी भरलेलं चाक दहा-दहा वर्षं कुरकुरत नसे. शालिग्राम जळगावात रुपचंद शेठच्या सरकी काढायच्या जिनात आला तो एका हंगामापुरता. यंत्रांच्या लाकडी चौकटी, दारं, कापसाच्या ढकलगाड्या, सगळं त्याच्या हातून दुरुस्त होऊ लागलं आणि एका हंगामाचे चार झाले. राहायला जिनाच्या आवारातच खोली. बाहेर पडायचं तर फाटकावरच्या वहीत नाव लिहून, आठच्या आत परत.

त्रेपन्न सालच्या श्रावणात आबांचा निरोप आला. हात कापतात, तासणी नीट धरवत नाही. दसऱ्याला हत्यारांच्या पूजेला जो पाटावर बसेल, सुतारनेट, म्हणजे घरची कामाची जागा, त्याचं. शालिग्राम आला नाही तर पुतण्या चिंधाला बसवायचं, कारण दसऱ्यानंतर गाड्यांची कामं येतात आणि चिंधाला दुसरीकडून बोलावणं होतं.

शालिग्राम काम सोडायची परवानगी मागायला शेठकडे गेला. न सांगता निघून जाणं सोपं होतं, पण परवडणारं नव्हतं. पहूरकडचे निम्मे कापूसवाले माल याच शेठला घालत. शेठच्या मनातून उतरलेल्या सुताराकडे गाडी कोण टाकणार?

शेठ नुकते मुंबईहून आले होते. तिथे एका व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात त्यांनी काचेच्या पेटीत पोहणारे मासे पाहिले होते.

"तशी पेटी मला पेढीत हवी," शेठ म्हणाले. "खाली सागवानी घोडी. पेटीनं आठ दिवस पाणी धरलं, थेंब गळला नाही, की तू मोकळा. हसत पाठवीन."

"शेठ, मी तसलं काही पाहिलेलंही नाही."

"मी पाहिलंय ना! सांगतो तसं कर."

शेठनं हातानं लांबी दाखवली, हातानंच उंची दाखवली. बाकी सगळं शालिग्रामनं ठरवायचं होतं.

त्यानं फळीवर कोळशानं आकृती काढली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. मग रॉकेलच्या डब्यानं हिशेब केला. दहा डबे पाणी म्हणजे पाच मण वजन, तेही हलतं. घोडीला जुन्या सागाचे तीन इंची पाय घेतले, चारी बाजूंनी आडवे दांडे, सांध्यात लाकडी कुसू ठोकून बसवलेलं, खिळा एकही नाही. तीन दिवस लागले. तयार झाल्यावर तो स्वतः घोडीवर चढला, मग दोन हमालांना चढवलं. घोडी हलली नाही. तिच्याबद्दल पुढे कुणालाच कधी काही बोलावं लागलं नाही.

पेटीत मात्र तो फसला, आणि फसला तो आपल्याच विद्येनं. उन्हाळ्यात चाकाचे आरे ढिले झाले की चाक डोहात टाकतात. बाभूळ पाणी पिते, फुगते, सांधे आवळतात. त्यानं तसंच केलं. बाभळीची चौकट, तिला खाचा, खाचांत काचा ठोकून घट्ट. पाणी भरलं तसं चारी बाजूंनी झिरपलं. दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी बंद. शालिग्राम दिवसभर स्वतःशी हसत होता. चौथ्या दिवशी जेवायला बसला होता, तेव्हा पेढीतून बंदुकीसारखा आवाज आला. फुगलेल्या लाकडानं काच चिरडली होती. दहा डबे पाणी गाद्यांखालून वाहत होतं.

शेठ रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पुन्हा कर. घाई कुणाला आहे?"

काच धुळ्याहून आणायची होती. शालिग्राम म्हणाला, "मी जाऊन पारखून आणतो."

शेठ हसले. "तू धुळ्याला गेलास आणि रस्ता पहूरला वळला तर? दिवाणजी जातील."

काच यायला अकरा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत तो पेढीच्या खिडकीसमोर उभा राहून तिच्या काचा बघे. वीस वर्षांची काच, लाकडाला कुठेच चिकटलेली नाही. मधे लांबीचा, खडू-तेलाच्या लुकणाचा, थर. काच आवळायची नसते, टेकवायची असते, हे त्याला तिथे कळलं. शिवाय पेटीतलं पाणी काचेला बाहेर ढकलणार. मग काच आतून बसवली तर पाणीच तिला लांबीवर दाबून धरील. लोहाराकडून लोखंडी कोनांची चौकट रिवेट मारून घेतली. खडू, सफेदा आणि उकळलेलं जवसाचं तेल दोन दिवस कुटलं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत. मूठभर लांबी कुटायला किती दम लागतो ते कुटणाऱ्यालाच ठाऊक. काचा बसवल्या आणि बारा दिवस हात लावला नाही. थांबणं हेही काम असतं, आणि दसरा डोळ्यांसमोर दिसत असताना ते सगळ्यात जड.

घटस्थापनेला पाणी भरलं. आठवा दिवस अष्टमीला संपत होता. नवमीला मोटार, दसऱ्याला पाट. हिशेब जेमतेम बसत होता.

पाणी वाहायला सुगंधाबाई होती, कापूस निवडणारी.

"मिस्तरीभाऊ, मासा कोठे शेतस?" दहावा डबा ओतून ती म्हणाली. "बठ्ठं पानी तं मीच वाहस. मीच बसू का पेटीमा?"

"तू बसशील गं, पण काच पुन्हा फुटंल."

पेढीतले कारकूनसुद्धा हसले.

पाच दिवस पेटी कोरडी राहिली. सहाव्या दिवशी सकाळी शालिग्रामनं नेहमीसारखा सांध्यांवरून अंगठा फिरवला. भिंतीकडच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, अंगठा ओला झाला. पुसलं. दुपारी पुन्हा ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब. कुणाला दिसण्यासारखा नव्हता. त्या बाजूला कुणी जातही नव्हतं.

सुगंधाबाईनं त्याचं तोंड पाहिलं आणि वाकून कोपरा पाहिला.

"पुशी टाका नं," ती हळूच म्हणाली. "दोनच दिन तं शेतस."

त्यानं पुसला. संध्याकाळपर्यंत तीनदा पुसला. दोन दिवस सहज निघाले असते. पण थेंब घोडीच्या पायावर उतरणार, वर्षभरात साग काळा पडणार, पुढे कधीतरी लांबी सुटणार. तेव्हा तो पहूरला आपल्या पाटावर बसलेला असेल, आणि इथे त्याच्या हातचं काम गळत असेल. आबांनी ढिलं चाक कधी कुणाला दिलं नव्हतं, आणि आबांच्या पाटावर बसायला म्हणून तो ढिलं काम टाकून निघाला होता. चौथ्यांदा फडकं उचललं आणि त्याचा हात थांबला.

तो शेठकडे गेला. "शेठ, गळते. मागचा कोपरा."

शेठ उठून आले, पाहिलं, आणि खरंच चकित झाले. "कुणी विचारलं होतं का तुला?"

"नाही."

"मग मी तरी काय करू? आठ दिवस म्हणजे आठ दिवस. मी जुलूम करत नाही, गळते असं तूच म्हणतोस."

"ते खरं आहे."

त्याच दिवशी पेटी उपसली. कोपरा खरवडला, तिथे काचेखाली लांबीत खड्याएवढा खडू राहून गेला होता. तो काढला, नवी लांबी भरली आणि पुन्हा बारा दिवस. दसऱ्याला जिनात हत्यारांची पूजा झाली. शालिग्रामनं आपल्या करवतीला हळदकुंकू वाहिलं आणि कामाला लागला. कोजागिरीनंतर पाणी भरलं. आठ दिवस झाले, मग दहा. अंगठा कोरडाच.

शेठनं शब्द पाळला. "जा, मिस्तरी. तू मोकळा."

वसुबारसेच्या दिवशी तो पहूरला उतरला. सुतारनेटात चिंधा चाक भरत होता. उठून उभा राहिला, पाट पुढे सरकवला. "या दादा, बसा. चहा सांगतो."

आपल्याच घरात त्याला आजवर कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. तो बसला. चिंधाचं चाक चांगलं होतं, बोट ठेवायला जागा नव्हती.

आबा कोपऱ्यातून म्हणाले, "दसऱ्याला दुपारपर्यंत रस्ता पाह्यला म्या."

शालिग्रामनं सगळं सांगितलं. पेटी, काच, सहावा दिवस. आबांनी शेवटी विचारलं, "मंग? थांबला का तो थेंब?"

"थांबला."

"बरं केलं." मग चिंधाच्या चाकाकडे बघून म्हणाले, "पर चिंधाले आता उठवता येत नाही रे."

"उठवू नका."

आबांनी दिवाळी करून जा म्हणून खूप धरलं. तो थांबला नाही. चारची मोटार धरली आणि दिवेलागणीला जिनाच्या फाटकावर पोचला. पहारेकऱ्यानं वही पुढे केली. शालिग्रामनं नाव लिहिलं आणि आत गेला. पुढची अकरा वर्षं तो तिथेच होता.