खाऊन दाखव

"खाली बस. खाली बसलीस की खरं वाटतं," मालक म्हणाले.

मी बसले. सारवलेल्या अंगणात, पाय मुडपून. समोर तीन खुर्च्या. एकीवर मालक, बाकीच्या दोन्हींवर मुंबईहून आलेला पाहुणा आणि त्याची बायको. पाहुण्याच्या हातात मोबाईल, माझ्यावर रोखलेला. माझ्यापुढे पत्रावळीवर चुलीत भाजलेला खेकडा आणि नाचणीची भाकरी.

"मावशी, नांगी दाताने फोडा ना. आवाज आला पाहिजे," पाहुणा म्हणाला.

मी फोडली. आवाज आला. पाहुण्याच्या बायकोने तोंडावर रुमाल धरला. "बापरे," ती म्हणाली, "कसं खातात हे लोक?"

भर दुपारी, भूक नसताना, मी जेवत होते.

कुडपणच्या पठाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर महाडच्या एका माणसाने पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यात. तेच मालक. मी वरच्या वाडीतली. नवरा मुंबईत कामाला, मी आणि मुलगी इथे. तीन वर्षं मी तिथे स्वयंपाक केला. पिठलं, आमटी, बटाट्याची भाजी. त्या स्वयंपाकघरात खेकड्याला बंदी होती. कामाला लागले त्या वर्षी मी घरून खेकड्याचं कालवण नेलं, तर मालकांनी माझा डबा चिमट्याने उचलून गोठ्यामागे नेऊन ठेवला. चिमट्याने. त्या दिवसापासून माझं ताट वेगळं. चुकून इतरांत मिसळू नये म्हणून त्याच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका. आणि जेवायची जागा गोठ्यामागे, पाहुण्यांना दिसणार नाही अशी.

यंदा आषाढात त्याच माणसाने मला "ताई" म्हटलं. तीन वर्षं मी "ए बाई" होते. माणूस एकाएकी गोड बोलायला लागला की माझं लक्ष आधी त्याच्या हातांकडे जातं. "ताई, पाहुण्यांना रानातले खेकडे खायचेत. अगदी तुमच्या पद्धतीने करा." माझी पद्धत यांना कधीपासून चालायला लागली?

ते मला पाहुण्याने मोबाईलवर दाखवलेल्या व्हिडिओतून कळलं. कुठल्याशा बेटावरचा खेकडा होता. जमिनीवर राहणारा, कोंबड्याहून मोठा. नारळाच्या झाडावर चढतो म्हणे, आणि नांगीने नारळ फोडतो. गोरी माणसं टेबलाशी बसून तो खात होती, मांडीवर पांढरे रुमाल पसरून. "काय भारी ना?" पाहुणा म्हणाला. मालक मान डोलवत होते. त्या खेकड्याला कुणी नाक मुरडलं नाही. मी विचारलं, "आनि त्या बेटावरची मानसं कुठं हायत?" ती त्या व्हिडिओत कुठेच नव्हती. "असतील ना तिकडेच," पाहुणा म्हणाला आणि मोबाईल खिशात टाकला. मला ते उत्तर काही पटलं नाही.

पण मी गेले. ओढ्याकाठच्या बिळांत हात घालून खेकडे काढले, पिशवी भरली, आणले. नाही म्हणायची सवय कुठे होती?

आता अंगणात बसून पहिली नांगी फोडली तेव्हा पाहुणा खूश झाला. दुसरी मी जरा जास्तच जोरात फोडली. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला आवडतंय म्हणून फोडली. आणि एकदम आठवलं, हे मी आधी एकदा केलं होतं.

पाचवीत मी नाते गावात मामाकडे राहून शिकत होते. मधल्या सुट्टीत डबा उघडला, वास सुटला. बाईंनी मला फळ्यापाशी उभं केलं. "तुम्ही लोक काय काय खाता, सांग सगळ्यांना." मी सांगितलं. खेकडे, ओढ्यातले मासे, शिंपले. वर्ग हसायला लागला. मला वाटलं, मी यांना आवडतेय. म्हणून मी पुढे उंदीर सांगितला, साप सांगितला. दोन्ही माझ्या घरात कधी शिजले नव्हते. शिजले असते तरी त्यात हसण्यासारखं काय होतं? पण तेव्हा मी सगळ्यांबरोबर हसले. मग बाईंनी मला माझा बाक फिनेलने पुसायला लावला. वर्षभर माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

तीच मी या अंगणात बसले होते. मला माझीच शिसारी आली.

"आता जिवंत दाखवा," पाहुणा म्हणाला. "उकळत्या पाण्यात टाकताना घेऊ."

मी पिशवीत हात घालून सगळ्यात मोठा खेकडा मागून धरला. सवयीने उलटा केला. पोटाखालच्या झडपेत पिल्लं होती. तांदळाच्या कण्यांएवढी, सगळी हलणारी.

आमच्यात खेकडा बिळातून काढला की आधी उलटून बघतात. आईने मला शिकवलेलं पहिलं काम ते. "उलटून बघ गो आधी. पिल्लांची असली तर हाय तिथंच ठेव." दुसऱ्या बिळात सोडायची नाही, तिथला खेकडा तिला फाडतो. वाडीतली चार वर्षांची पोरंसुद्धा हे करतात. आणि मालकांचे फोनवर फोन येत होते म्हणून मी घाईत न बघताच पिशवीत टाकली होती. यांच्यासाठी.

"ही नाय टाकायची," मी म्हटलं. "पिल्लांची हाय. परत बिळात सोडायला पायजे."

"वा! मग हीच टाका," पाहुणा पुढे सरकला. "पिल्लं दिसू देत."

मालक हसले. "अगं, तुम्ही लोक कधी काही सोडता का? टाक."

तुम्ही लोक. तेच शब्द, तसंच हसू. इतकी वर्षं मी मान खाली घालून हे ऐकत आले, कारण मला ते खरं वाटायचं. आम्ही काहीही खातो, आम्हाला धरबंद नाही. पण त्या अंगणात काय खायचं नाही हे एकट्या मलाच माहीत होतं.

मी उठले. "सोडतो आमी. पिल्लांची सोडतो. आनि मी आता खाऊन पन नाय दाखवनार."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"नाय येत."

पिशवी आणि खेकडी घेऊन मी निघाले. मागे मोबाईल चालूच असणार, मी वळून बघितलं नाही. ओढ्याशी गेले, सगळ्यात मोठी जिथून निघाली होती तेच बीळ शोधलं, तिला बिळाच्या तोंडाशी धरलं. ती आत गेली. जगली की नाही कोण जाणे. घाई माझी होती, आणि तो दोष माझ्या माथी राहणारच.

आठ दिवसांनी मालकांचा फोन आला. "रागात बोललो, ताई. या परत. पाहुणे विचारतात तुम्हाला. या वेळी तुम्हाला खुर्ची देतो."

खुर्ची दिली तरी मोबाईल समोरच असणार, हे मला समजत होतं. घरात पगार नव्हता, तेही समजत होतं. मी म्हटलं, "खेकडा खायचाय तर वाडीत माझ्या घरी या. मोबाईल बाहेर ठेवा, नि माझ्या शेजारी बसून जेवा."

 फोन बंद झाला.

ते आलेले नाहीत, येणारही नाहीत. वाडीतल्या बायकांना मी सगळं सांगितलंय. मालकांकडे आता आमच्यातली कुणी खेकडे नेत नाही. जो माझ्या पंगतीला बसेल त्याला मी पोटभर वाढीन. नुसतं बघायला येईल त्याला ओढ्यावरचं एक बीळही दाखवणार नाही. माझी मुलगी यंदा पाचवीत आहे. तिला मी सांगून ठेवलंय, तुम्ही लोक काय खाता असं कुणी विचारलं तर यादी सांगायची नाही. आधी विचारायचं, तुम्हाला कशाला पाहिजे?